सुबरावच्या हातचा कागद

"एक शब्द बोला बाबा. 'अस्सल' म्हणा, बस्स. तुमचं काय जातंय?"

हणमंत पुन्हा तेच म्हणाला. रमजानबाबा मांडीवर आडव्या घेतलेल्या बंदुकीकडे बघत राहिले.

गावाबाहेरच्या माळावर बाबांचा तकिया होता, फकिराचा मठ म्हणा. फकिरी घेण्याआधी ते पलटणीत बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्री होते. बंदुका सुटल्या, पण बंदुकवाल्यांनी त्यांना सोडलं नाही. जुन्या लढायांतल्या, नळी बुजवलेल्या, बार न निघणाऱ्या बंदुका हौसेनं दिवाणखान्यात टांगणारे लोक लांबलांबून यायचे आणि बंदूक बाबांच्या पुढ्यात ठेवायचे. बाबा सही करत नसत, शिक्का मारत नसत. 'अस्सल' म्हणाले की ती अस्सल. गप्प राहिले की आलेला माणूस बंदूक गुंडाळून मुकाट्यानं माळ उतरायचा.

आज बाबा गप्प होते आणि हणमंताचा जीव टांगणीला लागला होता.

बंदूक त्याच्या थोरल्या भावानं, सुबराव लोहारानं तयार केलेली. सुबराव भंगारातून जुनी नळी आणायचा, लाकडाचा नवा दस्ता चढवायचा, आणि बंदुकीसोबत एक पिवळा पडलेला कागद द्यायचा. ही बंदूक अमक्या पलटणीच्या अमक्या शिपायानं अमक्या लढाईत चालवली, असं त्यावर लिहिलेलं असायचं. लोक बंदुकीला हात लावायच्या आधी कागद वाचायचे. कागद सुबराव स्वतःच लिहायचा. हे हणमंताशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

गणपतीच्या आधी घाटात सुबरावची मोटारसायकल घसरली. माणूस जागीच गेला.

मागं ही एक बंदूक राहिली, तिचा कागद राहिला, आणि तिची वाट बघणारा एक म्हातारा राहिला.

म्हाताऱ्याचं नाव रंगराव फाळके. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांचे आजोबा पहिल्या मोठ्या लढाईत बसऱ्याकडे गेले ते परत आले नाहीत. ना मढं आलं, ना फोटो. अण्णांच्या गावात घरटी एक फौजी. खंडेनवमीला शस्त्रं पुजताना प्रत्येक घरात काही ना काही मांडलं जायचं. कुणाच्या बापाची तलवार, कुणाच्या चुलत्याची संगीन. फाळक्यांच्या पाटावर विळा आणि कोयता. सुबरावनं त्यांना शब्द दिला होता, तुमच्या आजोबांची बंदूक मी हुडकून देतो. अण्णांनी ती ठेवायला देव्हाऱ्याशेजारी लाकडी घडवंचीसारखी सागवानी घोडी करून घेतली होती.

खंडेनवमी उद्यावर आली होती.

अण्णा आज तकियाच्या फाटकापर्यंत आले होते. आत यायला तयार नव्हते. मी समोर असलो तर बाबा माझ्या भिडेनं बोलतील, तू एकटाच जा, असं म्हणाले. बंदूक गुंडाळायला आणलेलं कोरं धोतर काखेत धरून ते तिथंच उभे राहिले.

"सुबराव गेल्यावर आला नाहीस माझ्याकडं," बाबा म्हणाले. "आज आलास. बंदुकीसाठी."

हणमंताला ते लागलं. पण लागलेलं दाखवायला वेळ नव्हता. तो भराभरा बोलत सुटला. बाबा बोलले नाहीत तर अण्णा कागद घेऊन दुसऱ्या कुणाकडं जातील. तो जाणकार दादाचे आधीचे कागद मागवील. एक धागा ओढला की सगळं उसवत जाईल. तेराव्याला भावकी म्हणाली, देवमाणूस गेला. आई अजून तेवढ्या एका शब्दावर दोन घास खाते. तो शब्द गेला तर आई जाईल.

बाबांनी दस्त्यावरून अंगठा फिरवला.

"पोरगं झकास आहे हे," ते बंदुकीकडं बघून म्हणाले. "दाढी लावून आलंय. माझ्यापेक्षा म्हातारं दिसतं."

हणमंताला हसू आलं नाही.

"तुम्हीच शिकवलंत दादाला. ह्याच ओट्यावर."

"बंदूक मी शिकवली."

"आणि कागद?"

"तो त्याचा तोच शिकला."

...

लिंबावर एक होला घुमत होता. फाटकाकडून अण्णांचा खोकला ऐकू आला. हणमंतानं तिकडं बघायचं टाळलं. मग एकदम उठला, बंदुकीखाली ठेवलेला कागद ओढला आणि म्हणाला की हा कागदच सगळ्याचं मूळ आहे, हाच नसला तर कोण काय सिद्ध करणार आहे.

"फाड," बाबा म्हणाले.

हणमंत थबकला.

"फाड की. कागद गेला, भानगड गेली."

त्यानं दोन्ही हातांनी कागदाचे कोपरे धरले. मनगटं ताठ झाली. घणाचे घाव घालणारे हात ते, पण एका जुनाट कागदापुढं अडले.

"का रे?"

"...दादाचं अक्षर आहे."

"खोटं ना?"

"लिहिलंय ते खोटं आहे." हणमंतानं कागद खाली घेतला. "अक्षर खोटं नाही."

बाबांनी बंदूक मांडीवरून उतरवून भिंतीला टेकवली. आता त्यांच्यापुढं बंदूक नव्हती, पोरगा होता.

"बस. हा एवढा जुना कसा केला त्यानं, ते सांग."

हणमंत बसला. सांगताना पहिल्यांदाच त्याचा श्वास जागेवर आला. बाकीचे लोक कागदाला चहाचं पाणी लावतात, नाहीतर धुरात धरतात. दादा त्यांना हसायचा. चहाचा डाग डागच दिसतो, म्हणायचा, आणि धुराचा वास लपत नाही. दादाची रीत वेगळी होती. लिहून झालं की घडी घालायची आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवायची, छातीला लागून. मग अख्खा उन्हाळा भट्टीपुढं काम करायचं. घामानं कागद भिजायचा, सुकायचा, पुन्हा भिजायचा. अंगाच्या उबेनं घडी झिजायची. झोपतानाही बंडी अंगातच. आई धुवायला मागायची आणि दादा द्यायचा नाही, त्यावरून घरात रोज कटकट. मेल्या, तुझ्यापेक्षा म्हशीला वास कमी येतो, असं आई म्हणायची.

"म्हणजे हा कागद..."

"ह्या उन्हाळ्यातला. निघताना खुंटीवर बंडी काढून ठेवली त्यानं. कागद मी काढून घेतला. बंडी..."

बंडी दुसऱ्या कपड्यांबरोबर गेली होती. गावच्या रिवाजाप्रमाणं सुबरावचे कपडे, अंथरूण, उशी सगळं नदीवर नेलं होतं. आता आई रोज कपाट उघडते, रिकाम्या फळीवर हात फिरवते आणि बंद करते. हणमंत हे कुणाला बोलला नव्हता. बाबांनाही तो एवढंच म्हणाला की बंडी नाही राहिली.

बाबांनी हात पुढं केला. हणमंतानं कागद दिला.

बाबांनी तो वाचला नाही. उलगडलाही नाही. नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

पापणीच्या कडेला पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

मग कागद हणमंताच्या तोंडापुढं धरला.

हणमंतानं वास घेतला. तापलेलं लोखंड. तंबाखू. आणि त्या दोन्हींच्या खालून, उन्हातून घरी आल्यावर मानेभोवती हात टाकायचा तो माणूस.

तो गुडघ्यांत डोकं घालून रडला. घाटात रडला नव्हता, नदीवर रडला नव्हता. आईला धरायला कुणीतरी लागत होतं.

बाबांनी त्याला रडू दिलं. रडणं ओसरल्यावर कागद त्याच्या हातात ठेवला आणि शांतपणे म्हणाले,

"अस्सल."

हणमंतानं मान वर केली.

हाच शब्द. ह्याच्यासाठी तो सकाळपासून हात जोडत होता. बाबांच्या तोंडून निघाला होता तो, त्याच्या स्वतःच्या कानांनी ऐकला होता. फाटकापर्यंत पळत जायचं आणि अण्णांना सांगायचं, बाबा अस्सल म्हणाले. ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं. दादाचं नाव राहिलं असतं, आईचे दोन घास राहिले असते, म्हाताऱ्याची घोडी भरली असती.

तो उठलासुद्धा. बंदूक खांद्यावर टाकली आणि ओट्याच्या कडेपर्यंत गेला.

"कागद देणार ना त्याला?" बाबांनी मागून विचारलं.

हणमंताची मूठ आपोआप मिटली.

"द्यायला पाहिजे. कागदाशिवाय बंदूक कोण घेतो? उद्या तो पाट मांडील, हळदकुंकू आणील." बाबा सावकाश बोलत होते. "आणि आजोबा समजून तुझ्या भावाच्या घामाला फुलं वाहील."

...

"बाबा, असं बोलू नका."

"दर खंडेनवमीला वाहील. तो गेला की त्याची पोरं वाहतील."

हणमंत होता तिथंच उभा राहिला. खांद्यावरची बंदूक जड व्हायला लागली. त्यानं ती खाली घेतली आणि कुठं ठेवावी ते न कळून छातीशी धरली.

"आत्ता मघापर्यंत तुझ्यापाशी दादाचं काय होतं?"

"काही नव्हतं."

"आणि त्या म्हाताऱ्यापाशी त्याच्या आजोबाचं?"

हणमंताला सागवानी घोडी आठवली. अण्णांनी ती दाखवायला मुद्दाम घरी नेलं होतं, तेल पाजलंय म्हणून हात लावायला लावला होता, आणि सुनेला हाक मारून चहात साखर जास्त टाकायला सांगितली होती.

त्यानं बंदूक भिंतीला टेकवली. कागदाची घडी जुन्याच मोडीवर घातली. सदऱ्याच्या खिशापर्यंत नेली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, सदऱ्याचं वरचं बटण सोडून आत, कातडीला लागून ठेवली.

बाबांनी ते पाहिलं.

"दादाला खोटारडा म्हणतील," हणमंत म्हणाला.

"म्हणतील."

"आईच्या कानावर जाईल."

"जाईल."

"आणि अण्णांना काय देऊ मी? घोडी केलीय त्यांनी. धोतर आणलंय." त्यानं दोन्ही हात पुढं केले. "रिकाम्या हातानं कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्यापुढं?"

बाबांनी फाटकाकडं पाहिलं. आश्विनातलं ऊन डोक्यावर आलं होतं. फाटकाला झाड नव्हतं, भिंत नव्हती. म्हातारा टोपी हातात घेऊन, ओट्याकडं पाठ करून उभा होता.

"आधी त्याला सावलीत घे," बाबा म्हणाले.