मोठ्या आवाजाची दारू

एका घाटमाथ्यावरच्या गावात सुभानजी नावाचा एक दारू भरणारा राहत होता. दारू म्हणजे बंदुकीची. प्यायच्या दारूला त्याने जन्मात हात लावला नव्हता. पण बंदुकीच्या दारूची त्याला अशी पारख होती की चिमूटभर दारू बोटांत चोळून तो तिचा स्वभाव सांगत असे. गावाखालच्या खिंडीतून व्यापाऱ्यांचे तांडे जात आणि गावचे राखणदार तिथे पहारा देत. चोरांशी गाठ पडली तर राखणदारांची सारी भिस्त कमरेच्या पिस्तुलावर. आणि ती पिस्तुले भरून देण्याचे काम एकट्या सुभानजीचे.

हे काम वाटते तितके सोपे नव्हे. तोफेला जाड दाण्याची, सावकाश पेटणारी दारू लागते. तीच पिस्तुलात भरली, तर नळी आखूड असल्यामुळे निम्मी दारू न जळताच बाहेर पडते आणि गोळी जवळच कुठेतरी माती खाते. उलट दारू फारच तेज असली, तर गोळी सुटायच्या आधी नळीच फाटते. म्हणून पिस्तुलाची दारू निवडायची ती मधल्या स्वभावाची, आणि घालायची ती मापानेच. सुभानजीकडे त्यासाठी म्हशीच्या शिंगाचे एक माप होते. नवी दारू आली की तो आणखी एक गोष्ट करी. भरलेले पिस्तूल चिंचेच्या बेचक्यात बांधी, चापाला लांब दोरी लावी आणि दगडी बांधाआड बसून दोरी ओढी. पिस्तूल शाबूत राहिले, तरच ती दारू माणसांच्या हाती जाई. गावकरी याला पिस्तुलाचे बारसे म्हणत. "बाळाचं नाव काय ठेवलं हो?" असे म्हणून त्याला चिडवत. सुभानजी हसे, पण बारसे चुकवत नसे.

त्याचा धाकटा भाऊ मानाजी हा राखणदारांत पहिला गणला जाई. आईबाप लवकर गेले, तेव्हा सुभानजीनेच त्याला लहानाचे मोठे केले होते. बाकीचे राखणदार पिस्तूल हातात आले की उलटसुलट करून बघत, चाप तपासत, दोन प्रश्न विचारत. मानाजी नुसते कमरेला खोचून चालू लागे. कुणी टोकलेच तर म्हणे, "दादाने भरलंय. त्यात काय बघायचं?"

आता या गावाला एक खूळ होते. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की वेशीत एक बार काढायचा. दरीपलीकडच्या गावातही तीच चाल. कोणाचा बार दरी ओलांडून ऐकू गेला, यावर दोन्ही गावे वर्षभर मिशांना पीळ देत. त्या आवाजाने ना चोर पकडला जाई, ना कुणाच्या घरी चूल पेटे. पण माणसांना अशाच गोष्टींची हौस फार. एका दसऱ्याला पलीकडचा बार इकडे कडाडला, आणि इकडचा तिकडे कुणाच्या कानावरही गेला नाही. तेव्हा राखणदारांचा म्होरक्या पिराजी नाईक चारचौघांत म्हणाला, "सुभानजी, तुमची दारू म्हातारी झाली बघा. बार काढला का खोकला काढला, तेच कळंना." सगळे फिदीफिदी हसले.

सुभानजीच्या ते जिव्हारी लागले. त्याच्या दारूने आजवर कितीतरी जीव वाचवले होते. ते कुणी बोलले नाही, आणि एका आवाजावरून त्याची अब्रू काढली गेली. त्याला जेवण गोड लागेना. वाटेत कुणी सहज खोकले, तरी तो मान खाली घालून पुढे जाई.

पुढच्या दसऱ्याच्या तोंडावर बंदराकडून एक व्यापारी आला. त्याच्याजवळ नव्या तऱ्हेची दारू होती, तिळासारखी काळी आणि चकचकीत. सुभानजीने ती घेतली. घरी येऊन त्याने दगडावर एका बाजूला जुन्या दारूची चिमूट ठेवली, दुसऱ्या बाजूला नवीची, आणि दोन्हींना बत्ती दिली. जुनी दारू फुसफुसत जळाली आणि मागे काजळी सोडून गेली. नवी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच नाहीशी झाली. दगड कोरा करकरीत.

सुभानजी दचकला. ही दारू पिस्तुलाची नव्हे, हे त्याला तिथेच उमगले. वापरायचीच झाली, तर शिंगाचे माप पार खाली आणावे लागणार होते. पण माप उतरवले की आवाजही उतरणार. मग आणली कशाला? आणि माप पूर्ण भरले, तर आधी बारसे करायला हवे. चिंचेच्या बेचक्यात फुटलेले पिस्तूल आणि खाली पोट धरून हसणारा पिराजी नाईक त्याला डोळ्यांपुढे दिसला.

माणसाचे मन मोठे लबाड असते. ते आपल्याला कधी वाईट कर म्हणत नाही. ते म्हणते, पिस्तूल चांगले दणकट आहे. ते म्हणते, एका बाराचा तर प्रश्न आहे, पुढे नेहमीचीच दारू भरू. सुभानजीने मनाचे ऐकले. त्याने नवी दारू शिंगाचे माप भरून घेतली, वर गोळी ठासली, आणि बारसे केले नाही.

दसऱ्याला वेशीत झेंडूचे तोरण लागले. शस्त्रांना गंधफूल वाहिले. बार काढायचा मान मानाजीचा होता. सुभानजीने पिस्तूल त्याच्या हाती दिले, आणि द्यावे की न द्यावे असा त्याचा हात क्षणभर अडला.

"जरा लांब धर," तो म्हणाला.

मानाजी हसला. "तूच भरलंयस ना?"

"हो," सुभानजी म्हणाला.

त्यात खोटे काहीच नव्हते. आणि खरेही काही नव्हते.

बार झाला. असा बार त्या डोंगरात कुणी ऐकला नव्हता. झाडावरची पाखरे उठली, आणि थोड्याच वेळात दरीपलीकडून लोकांचा ओरडा आला. बार पोचला होता! वेशीत एकच जल्लोष झाला. पिराजी नाईकाने पागोटे हवेत उडवले. धूर विरला तेव्हा सगळ्यांना मानाजी दिसला. तो गुडघ्यांवर बसला होता. उजव्या हातात पिस्तूल नव्हते, आणि पंजाही नव्हता. चेहरा रक्ताने भरला होता.

वैद्याने जीव वाचवला. डोळे वाचवता आले नाहीत. मानाजी शुद्धीवर आला तेव्हा सुभानजी उशाशी होता. मानाजीने पहिली गोष्ट विचारली ती अशी, "दादा, बार पलीकडं गेला का रे?"

"गेला."

"मग दारू चोख होती. माझंच धरायला चुकलं असणार."

सुभानजीने तेव्हा तोंड उघडायला हवे होते. त्याने उघडले नाही. मानाजीचा हात हलला, असे मग गावही म्हणू लागले, आणि सुभानजीचे नाव मात्र दरीच्या दोन्ही अंगांना झाले. दोघा भावांची घरे समोरासमोर, मध्ये एक अंगण. रोज सकाळी तो मानाजीला हाताला धरून आपल्या ओट्यावर आणून बसवी. मानाजीची बायको तुळसा हात जोडून म्हणे, "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत." प्रत्येक वेळी खरे काय ते त्याच्या ओठांवर येई, आणि तो ते गिळून टाकी. आज नको, जखम ओली आहे. आज नको, त्याला ताप आहे. आज नको, आज तो जरा हसला आहे. अशाने सुभानजी आतून पोखरला गेला. भावाला भरवताना त्याला स्वतःच्या हातांची शिसारी येई.

एक दिवस पिराजी नाईक सगळ्या राखणदारांची पिस्तुले पोत्यात घालून घेऊन आला. खिंडीत चोरांची चाहूल लागली होती. "सुभानजी," तो म्हणाला, "सगळ्यांत तीच दसऱ्याची दारू भरा. आवाजानंच पळतील बेटे!"

तेवढ्यात ओट्यावरून मानाजी म्हणाला, "भर दादा. फक्त पोरांना सांग, हात घट्ट धरा म्हणावं. माझ्यासारखं करू नका."

आता गप्प राहायला जागाच उरली नव्हती. सुभानजी खाली बसला. "मानाजीचा हात चुकला नाही," तो म्हणाला. "ती दारू पिस्तुलाची नव्हती. मला ते कळलं होतं. आवाज मोठा यावा म्हणून मी पूर्ण माप भरलं, आणि बारसं केलं नाही."

नाईकाने पोते उचलले. ज्याच्या एका टोमण्याने हे सारे सुरू झाले होते, तोही मान खाली घालून निघून गेला. तुळसा दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला.

मानाजीने आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

मानाजीने ना शिवी दिली, ना तो रडला. तसे केले असते, तर सुभानजीला बरे वाटले असते. तो उठला आणि डाव्या हाताने भिंत शोधू लागला. पायरीवर त्याचा पाय अडखळला. सुभानजीने धावत जाऊन त्याचा दंड धरला. मानाजीने ती बोटे हळूच सोडवली.

"राहू दे," तो म्हणाला. "मी चाचपत जाईन."

सुभानजी पुढे पुष्कळ वर्षे जगला. पिस्तुले भरून घ्यायला लोक दुसरीकडे जाऊ लागले. रोज सकाळी तो ओटा झाडून तिथे घोंगडी अंथरी आणि वाट बघत बसे. दोन घरांत एवढेसे अंगण, पण ते मानाजीने पुन्हा कधी ओलांडले नाही.

तात्पर्य: आपल्या भरवशावर कुणी हात पुढे करतो, तेव्हा त्याच्या जिवापेक्षा आपली वाहवा मोठी मानू नये. एकदा तसे केले की मागाहून बोललेले खरे दुसऱ्यांना वाचवते, पण ज्याचा विश्वास गेला तो माणूस परत मिळत नाही.