बाकावरचा डबा

मंगळवेढ्याच्या पेठेत रामलिंग शेट्यांचं भांड्यांचं दुकान होतं. माणूस भला, मापात चोख, बोलायला गोड. पण एक खोड होती. शेजाऱ्यानं काही केलं की ते आपण केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्यांच्या पत्नी महानंदाबाई. त्यांचा एक नेम होता. नवरा जेवल्याशिवाय त्या तोंडात घास घालत नसत. कुणी सक्ती केली नव्हती. आईनं तसं केलं, सासूनं तसं केलं, म्हणून त्यांनीही केलं. शेटे ही गोष्ट गिऱ्हाइकांना मोठ्या कौतुकानं सांगायचे. दुकानात गर्दी असली की त्यांचं जेवण लांबायचं, आणि घरी बाईंचंही. यात कौतुक कसलं, असं त्यांना कुणीच विचारलं नाही.

पुढे बाईंना साखरेचा आजार जडला. रोज सकाळी इंजेक्शन घ्यावं लागे. डॉक्टरांनी शेट्यांना समोर बसवून बजावलं, की इंजेक्शन घेतल्यावर यांना उपाशी राहू देऊ नका, जिवावर बेतेल. नेम काही बाईंनी सोडला नाही. मग शेटेच बदलले. भर बाजाराच्या दिवशीसुद्धा ते बाराच्या ठोक्याला दुकान बंद करून घरी जेवायला जाऊ लागले. इथवर त्यांना नावं ठेवायला जागा नाही.

मग समोरचे कापडवाले ईरण्णा परदेश फिरून आले. झालं! रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर त्यांचं तेच सुरू. तिथला जुना राजवाडा असा, नवा काचेचा मनोरा तसा, वरून खाली बघितलं की माणसं मुंग्यांएवढी दिसतात. शेटे ऐकायचे आणि आतल्या आत जळायचे. वर्षभरात त्यांनी त्याच शहराच्या सहलीत दोघांची नावं घातली.

बाईंना मनोऱ्याचं काही पडलं नव्हतं. नवरा आपल्याला बरोबर नेतोय, याचाच त्यांना आनंद. दोन दिवस खपून त्यांनी कडक भाकरी केल्या, शेंगाचटणी कुटली आणि आपल्याच दुकानातल्या स्टीलच्या डब्यात सगळं भरून घेतलं.

शहर फिरायचा दिवस उजाडला. हॉटेलातला नाश्ता बाईंच्या गळ्याखाली उतरेना. इंजेक्शन मात्र त्यांनी नेमानं घेतलं. सकाळी सगळ्यांनी जुना राजवाडा पाहिला. दालनामागून दालनं, जिन्यामागून जिने. बाईंचे गुडघे भरून आले. दुपारी गाइडनं सगळ्यांना मनोऱ्यापाशी मोकळं सोडलं आणि संध्याकाळी तिथंच जमायला सांगितलं.

मनोऱ्याखाली एक बाक होता. बाई त्यावर टेकल्या आणि डबा उघडला. त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला, त्यावर चटणी घातली आणि हात पुढे केला.

“अहो, एक तुकडा खाऊन जा.”

“आलोच गं. आल्यावर दोघं मिळून खाऊ,” शेटे म्हणाले. त्यांचे डोळे मनोऱ्याच्या शेंड्याला लागले होते.

मला भूक लागलीय, असं बाई म्हणाल्या नाहीत. तसं म्हणायची सवयच नव्हती. नवऱ्यानं तो एक तुकडा खाल्ला असता तर नेम राखून त्यांनाही खाता आलं असतं. शेट्यांना वाटलं, ही आपल्या पोटाची काळजी करतेय.

मनोऱ्याला रांग होती. बराच वेळ गेला. वर पोचल्यावर मात्र शेटे हरखून गेले. खाली नदी, नदीवर पूल, पलीकडच्या टेकडीवर एक जुना किल्ला. त्यांनी खाली आपला बाक शोधला. हिरव्या लुगड्याचा एवढासा ठिपका दिसला. त्यांनी हात हलवला. एवढ्या उंचावरचा हात खाली कुणाला दिसणार?

ते उतरले. डाव्या हाताला बाक, उजव्या हाताला किल्ल्यावर जाणारा तारेवरचा पाळणा. ईरण्णा किल्ल्यावर गेले नव्हते. पाळणा थोड्या वेळानं बंद होणार होता. शेटे तिथं उभे राहिले. बाराची वेळ केव्हाच टळलीय, हे त्यांना आठवलं. अगदी स्वच्छ आठवलं. घरी असते तर दुकान टाकून धावले असते. पण ती बसलीय निवांत, सावलीत आहे, अर्ध्या तासानं काय बिघडतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आणि ते उजवीकडे वळले.

किल्ला पाहून ते परतले तेव्हा उन्हं कलली होती. बाकाभोवती चार माणसं गोळा झाली होती. महानंदाबाईंची मान खांद्यावर कलली होती, अंग घामानं थबथबलं होतं. एक अनोळखी परदेशी बाई त्यांचा हात धरून बसली होती. गाइड धावत आला. ती बाई काय म्हणतेय ते त्यानं सांगितलं. तिनं यांना आपल्याजवळची बिस्किटं देऊ केली होती. यांनी हसून मान हलवली आणि वर मनोऱ्याकडे बोट दाखवलं. तिनं पुन्हा दिली, यांनी पुन्हा बोट दाखवलं. नंतर बोलेनाशा झाल्या, तेव्हा तिनं दवाखान्याची गाडी बोलावली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी शर्थ केली. बाई शुद्धीवर आल्या नाहीत. पहाटे त्या गेल्या. जरा आधी पोटात काही गेलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. गाइडला ते मराठीत सांगवेना, पण शेट्यांना समजलं.

नर्सनं डबा त्यांच्या हातात दिला. भाकरी होत्या तशा होत्या. वर तो मोडलेला एक तुकडा होता, चटणी घातलेला. शेटे तिथंच फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

गावी परतल्यावर ईरण्णा भेटायला आले. उठताना, काहीतरी बोलायचं म्हणून, मनोरा पाहिलात का असं विचारून बसले.

“पाहिला,” शेटे म्हणाले. “तिथून ती दिसत होती.”

अजूनही शेटे बाराला दुकान बंद करून घरी जातात. दोन ताटं वाढतात. पहिला घास घाईघाईनं तोंडात घालतात आणि समोरच्या रिकाम्या पाटाला सांगतात, “मी खाल्लं. आता तू खा.”

तात्पर्य: आपल्यासाठी जे माणूस थांबलंय, त्याच्याकडे आधी जावं. मनोरे आणि किल्ले कुठं पळून जात नाहीत. माणूस मात्र वाट बघता बघता निघून जातं.