वीतभर मातीची टेकडी

वाघोदीच्या वेशीबाहेर ही जी पांढरी टेकडी दिसते ना, तिच्यात धोंडा शोधूनही सापडायचा नाही. शहरातून येणारी मंडळी हिला ढासळलेला बुरूज समजून फोटो काढतात; काढोत बापडी. ही सगळी गावच्या छपरांवरून उतरवलेली माती आहे.

आमची घरे माळवदाची. म्हणजे तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. पूर्वी दर पावसाळ्याआधी जुन्या थरावर नवा थर चढवायचे. जुनी माती वाडवडिलांच्या हातची, तिला खोरे लावणे म्हणजे पाप, अशी समजूत. त्यामुळे छपरे वर्षागणिक जड होत गेली. असे सांगतात, की एका पावसात हौसाई सुतारणीची सून अशाच छपराखाली गेली. लोकांनी सुताराच्या लाकडाला दोष दिला. हौसाईने ढिगारा उपसून मातीचा थर मोजला, तो कमरेइतका भरला.

मग तिने आपल्या रिकाम्या गोठ्यावर माती घालून पाहिली, म्हणे. दोन पावसाळे तिचा तोच उद्योग. चार बोटे थर घातला तर छप्पर गळे, हातभर घातला तर तुळई वाके. वीतभर घातल्यावर मात्र ना गळती, ना वाक. हे कळल्यावर गढीवरच्या मालोबा हवालदाराने दवंडी पिटवली, की छपरावर माती वीतभरच हवी.

हुकूम सर्वांनी ऐकला आणि पाळला कोणीच नाही. कारण सर्वांत जाड माती खुद्द गढीवर होती आणि ती काढायला हवालदारच तयार नव्हता. त्यातच त्याची लेक गिरजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची खोली नेमकी मधल्या तुळईखाली, आणि मृग आठ दिवसांवर आलेला. हौसाई गेली ती थेट गिरजाच्या बाजेशेजारी जाऊन बसली. माती उतरेपर्यंत अन्न घ्यायचे नाही, असा तिने नेम धरला. हवालदाराने दम दिला, विनवण्या केल्या, लेकीला दुसऱ्या खोलीत हलवू लागला. पण लेकही हटून बसली, म्हातारी बसेल तिथेच मी म्हणाली.

हौसाई एवढेच बोलली, "सरकार, हुकूम तुमी खाली वाचला. माती वर हाय."

तिसऱ्या दिवशी हवालदार स्वतः खोरे घेऊन शिडी चढला. आता पाप लागणार म्हणून गाव खाली जीव मुठीत धरून उभे. दुपारपर्यंत माती वितीवर आली आणि डोईवरचा भारा उतरवल्यावर माणूस टाकतो तसा तुळईने सुस्कारा टाकला, म्हणे. पाहतात तो तिला मधोमध बोटभर चीर गेलेली. पहिल्या सरीलाही ती टिकली नसती. हवालदार हौसाईच्या पायाशी मटकन बसला आणि सर्वांदेखत रडला.

हौसाईच्या लेकाने ती तुळई बदलली. गावाने मृगाआधीच आपापली छपरे हलकी केली आणि माती इथे आणून टाकली. त्या वर्षी पावसाने झोडपून काढले, पण एक घर पडले नाही. गिरजाला मुलगी झाली.

आजही अक्षय तृतीयेला छपरे मोजतात, आणि पहिला मान चावडीचा. तिच्यावर आता स्लॅब आहे, तरी तलाठी भाऊसाहेब निमूटपणे शिडी चढतात; न चढून सांगतात कुणाला. आणि बाळंतीण बाळाला घेऊन आली, की उंबऱ्याबाहेर थांबून विचारते, "मोजलं का?" गेल्या महिन्यात माझी नातसून अशीच थांबली होती. वर मी होतो. "मोजलं पोरी, वीतच हाय," म्हणालो, आणि ती आत गेल्यावर मला फार बरे वाटले.