एकाच जाडीचे धागे

मुलांनो, आणि मुलांच्या मागे जांभया देत बसलेल्या थोरांनो, ही फार फार पूर्वीची गोष्ट. एका दमलेल्या माणसाची आहे, तेव्हा सावकाशच सांगतो.

विणकरांच्या एका नगरात एक नक्षी बांधणारा राहत होता. तो स्वतः कापड विणत नसे. मागावरचा कोणता धागा कधी उचलायचा, हे तो दोऱ्यांना गाठी मारून आधीच ठरवून ठेवी. मग विणकर एकेक दोरी ओढत जाई आणि कापडावर मोर उमटे. एक गाठ चुकली, तर मोराची मान शेपटीला जाऊन चिकटे.

हे काम त्याला एके काळी फार आवडत असे. पण व्यापाऱ्यांचे मन काही ठरत नसे. आज मोर हवा, उद्या पोपट हवा. पोपट बांधून झाला की ते म्हणत, "पोपट सुरेख आहे, पण त्याला थोडा पिसारा फुलवता आला तर बघा." की पुन्हा साऱ्या गाठी सोडायच्या आणि पुन्हा बांधायच्या. त्याचे डोळे चुरचुरत, मान आखडून जाई. जेवतानाही तो ताटाकडे बघत नुसता बसून राही.

शेवटी तो बायकोला म्हणाला, "मला आता एकही गाठ बघवत नाही गं."

"मग दुसरं काम बघा," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या हुशार माणसाला कोण नाही म्हणेल?"

खरोखरच कोणी नाही म्हणाले नाही. नक्षीवाला काम सोडतोय ही बातमी पसरली आणि दोन बोलावणी एकदमच आली.

पहिले राजवाड्यातून. तिथे त्याने नक्षी बांधायची नव्हती. इतरांनी बांधलेली नक्षी तपासायची, चुका काढायच्या आणि कोणाचे काम नाकारायचे ते सांगायचे. त्याबद्दल जरीची पगडी, घोडा आणि दुमजली घर मिळणार होते.

दुसरे डोंगरापलीकडच्या खोऱ्यातून. तिथे पाटाचे पाणी शेतांना वाटून देणारा पाटकरी हवा होता. पाटावर लाकडी फळ्या होत्या आणि त्या दोरखंडांनी उचलाव्या लागत. कोणती फळी आधी उचलायची आणि कोणती मागून, हे रोज नव्याने ठरवायचे होते. खोऱ्यातला पाटील स्वतः आला होता. तो म्हणाला, "धागे उचलणाऱ्याला फळ्या उचलायला जड जाणार नाही. घर कौलारू आहे, धान्य पोटापुरतं मिळेल. चिखल मात्र भरपूर आहे, आधीच सांगतो."

त्या नगराची एक रीत होती. मोठा निर्णय घ्यायचा असला की लोक पट्टी विणत. प्रत्येक फायद्याला एक पांढरा धागा, प्रत्येक तोट्याला एक काळा. जी पट्टी जास्त पांढरी, ती वाट धरायची. लग्नेसुद्धा अशीच जमत. ती पुढे कशी टिकत, ते मला विचारू नका.

आपल्या माणसाने दोन पट्ट्या विणल्या. राजवाड्याच्या पट्टीत पगडीचा पांढरा, घोड्याचा पांढरा, घराचा पांढरा, गाठी सुटल्याचा पांढरा धागा. दुसऱ्यांच्या चुका काढत बसण्याचा काय तो एकच काळा. खोऱ्याच्या पट्टीत कामाच्या गोडीचा एक पांढरा होता आणि बाकी सगळा चिखल.

बायकोने पट्टी हातात घेतली. "पगडी कधी घालायची?"

"दसऱ्याला. दरबारात."

"आणि चुका कधी काढायच्या?"

"रोज."

"मग दोन्हींना एकाच जाडीचा धागा कसा घेतलात?"

"पट्टीला एकाच जाडीचा धागा घेतात," तो म्हणाला. "आपली रीतच आहे तशी. आता वाद नको, मी दमलोय."

मला त्याचा राग येत नाही, कीव येते. दमलेल्या माणसाला काय सुटणार तेवढेच दिसते. त्याच्या जागी काय येणार, हे बघायला त्याच्यात जीवच उरलेला नसतो.

तो राजवाड्यात गेला. रोज त्याच्यापुढे दोऱ्या येत आणि तो त्यांत चुका शोधी. ज्यांच्याबरोबर भाकरी खाल्ली, तेच सोबती आता त्याच्यापुढे मान खाली घालून उभे राहत. कोणाची नक्षी नाकारली की त्या घरात त्या महिन्याला चूल कशी पेटणार, हे त्याला ठाऊक असे. एखादी गाठ स्वतः सुधारून द्यावी असे त्याच्या फार मनात येई, पण पारखी माणसाने दोरीला हात लावणे दरबाराला खपत नसे. दसरा आला की तो पगडी घाली. दसरा गेला की ती पेटीत जाई.

पूर्वी त्याची मान दुखत असे. आता काहीच दुखत नव्हते आणि तरी सकाळी उठावेसे वाटत नव्हते.

अशी बरीच वर्षे गेली. एक दिवस त्याने पगडी परत केली, बायकोला घेतले आणि तो डोंगर ओलांडून खोऱ्यात उतरला. पाटावर दुसराच पाटकरी काम करत होता. चांगला माणूस होता. त्याने पाहुण्याला पाणी दिले, त्याचे सगळे ऐकून घेतले आणि फळीचा दोरखंड त्याच्या हातात दिला. "हा फळीला बांधा बघू."

नक्षीवाल्याने गाठ मारली. ती सुटली. त्याने पुन्हा मारली, तीही सुटली. ज्या बोटांनी एके काळी मोर नाचवले, त्यांना आता साधी गाठ येत नव्हती. तो तिथेच चिखलात बसला आणि रडला.

पाटकरी त्याच्या शेजारी बसला. "शिकाल परत," तो म्हणाला. "पण आता माझ्या हाताखाली राहावं लागेल. वेळही लागेल. आणि तुमचं वय झालंय."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि त्याने दोरखंड पुन्हा उचलला.

तेव्हा लहानथोरांनो, एवढे ध्यानात असू द्या: काम निवडताना कधीतरी मिळणारा मान पाहू नये, रोज हातात काय येणार ते पाहावे.