भिंतीकडे तोंड केलेला आरसा

त्या राज्याला स्वतःची जमीन नव्हती. वरून कोणीतरी जेवढी जागा देई तेवढीच त्याची, आणि ती नेहमी कमी पडे. तिथे प्रत्येकाला एक दोरा बांधलेला असे, आणि नियम असा होता की ज्याचा दोरा दुसऱ्या कोणाच्या हातात असेल त्याने राहावे, आणि ज्याचा सुटला असेल त्याला खराट्याने न्यावे. खराटा निघण्याआधी घंटा होई. सगळे हातातले काम टाकून दोरे उंच धरत, आणि वेशीवरच्या खुंटीला टांगलेला आरसा किती जागा उरली ते सांगे.

पाटा आणि वरवंटा एका कोपऱ्यात राहत. हल्ली त्यांच्याकडे वाटण घेऊन कोणी फिरकत नसे. पण पाट्याचा दोरा वरवंट्याकडे होता, वरवंट्याचा पाट्याकडे. तेवढ्यावर दोघांचे बरे चालले होते.

मग नवे दिवाण आले. ते पितळी कुलूप होते, वजनदार आणि चकचकीत. किल्लीवाचून कोणाला जवळ करत नसत. त्यांचा दोरा तिच्याकडे, तिचा त्यांच्याकडे. घंटेने खोळंबा होतो म्हणून त्यांनी घंटा उतरवली. खराटा आता चालत्या कामातूनच फिरेल. दोरा कोणाच्याही हातात असून चालणार नव्हते, हातोहात तो वेशीच्या खुंटीपर्यंत पोचायला हवा होता. आरशाच्या नजरेनेही काम मंदावते असे ठरले. त्याचे तोंड भिंतीकडे करायचे, लागेल तेव्हा फिरवून घ्यायचे.

हुकूम ऐकून पाटा सरपटत वेशीशी आला.

"आरसेबुवा, तुम्ही खुंटीवरच आहात. आमच्या दोऱ्याचं एक टोक धरता का? फार ओझं नाही व्हायचं आमचं."

"पाटेराव, माझं काम बघण्याचं. बघणाराच कोणाला धरून बसला, तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवील?"

"तेही खरंच," म्हणत पाटा परत गेला. आरशाला आपल्या उत्तराचा अभिमान वाटला.

भिंतीकडे तोंड झाल्यावर त्याला फक्त ऐकू येई. पाटा रोज विचारी, "आहेस ना रे?" वरवंटा म्हणे, "आहे की. जाणार कुठे?" आणि दुरून खराट्याची खर्र, खर्र. एका दुपारी पाट्याने विचारले, खर्र खर्र अगदी जवळ आली, आणि उत्तर आलेच नाही. पाट्याने पुन्हा विचारलेही नाही. भिंतीला कपाळ टेकलेल्या आरशाला रडू फुटले.

आठवड्याने त्याला फिरवले. राज्य लख्ख मोकळे होते. कोपऱ्यात हळदीचा डाग होता आणि एकमेकांत गुंतलेले दोन दोरे.

"किती जागा झाली!" दिवाण आपली चकाकी न्याहाळत म्हणाले. आरशाला मात्र त्यांचा दोरा दिसत होता. तो किल्लीकडे जात होता आणि खुंटीपर्यंत न पोचता तिच्याकडून त्यांच्याकडेच परत येत होता.

"दिवाणसाहेब, तुमच्या दोऱ्याचं टोक माझ्याकडे द्या. मी धरतो."

"तुझं काम बघण्याचं," दिवाण म्हणाले, "आणि ते झालं." त्यांनी त्याला पुन्हा भिंतीकडे फिरवायला लावले.

थोड्या वेळाने आरशाला ऐकू आले, "किल्ली, आहेस ना गं?"

"आहे की. जाणार कुठे?"

आणि खर्र, खर्र.