खात्री असलेल्यांनी हात वर करावा

१९३६ सालची गोष्ट. नवव्या बाळंतपणात एक बाई डोळ्यांदेखत दगावली, तेव्हा डॉक्टर वेणूताई खानोलकरांनी नगरपालिकेकडे संततिनियमनाच्या सल्ल्यासाठी एक खोली मागितली.

अध्यक्ष रावसाहेब भर सभेत उसळले, "असला सल्ला घ्यायला कुठल्या घरंदाज घरची बाई येणार आहे?"

"माझ्याकडे मागच्या दाराने येतातच," वेणूताई शांतपणे म्हणाल्या. "नावं मी सांगणार नाही. पण आपल्या घरातून कुणी आलं नाही, अशी ज्यांना खात्री असेल, त्यांनी हात वर करावा."

अकराही सभासद खाली बघू लागले. रावसाहेबांचा हात अर्ध्यावर गेला आणि पगडी सावरून खाली आला.

खोली मंजूर झाली. घरी सहा मुलांना वाढणाऱ्या बायकोकडे रावसाहेब कितीतरी वेळ बघत राहिले. विचारायचं धाडस मात्र त्यांचं झालं नाही.