मजकूर वाचून दाखविला

"मग सर, माझं अजून काय शिकायचं राहिलं?"

शर्वाणीने विचारलं नम्रपणेच, पण आवाजात कॉलेजच्या मूट कोर्ट स्पर्धेचं मेडल खणखणत होतं. लॉचं शेवटचं वर्ष. पुढे तिला गोरगरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या केंद्रात जायचं होतं, आणि तिथे मुजावर वकिलांच्या शिफारसपत्राशिवाय दार उघडत नव्हतं. अर्जाची मुदत उद्या संपणार होती.

मुजावरसाहेब म्हणजे तालुका कोर्टातलं जुनं खोड. महिनाभर पोर त्यांच्या हाताखाली राबली, त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली. साहेबांचा तिच्यावर फार जीव.

त्या दिवशी तिने गिरजाबाई नावाच्या म्हातारीचा, मुलाकडून पोटगी मागणारा अर्ज लिहून आणला होता. भाषा अशी फक्कड, की न्यायाधीशाने तोंडात बोट घालावं. खाली म्हातारीचा अंगठा आणि नेहमीची ओळ: 'मजकूर वाचून दाखविला, तो समजला.'

"दाखवलास वाचून?"

"ती ओळ सगळेच घालतात, सर."

साहेबांनी कोरा कागद ओढून भराभर काही लिहिलं.

"घे, तुझं शिफारसपत्र. वाचलं, समजलं, म्हणून खाली सही कर."

आता घ्या! सगळी मोडी लिपी. जुनी खरेदीखतं वाचून साहेबांचा हात त्यात बसलेला. हिला एक अक्षर लागेना.

"यात काय लिहिलंय, सर?"

"चांगलंच लिहिलंय. माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. पण..."

पेन काही उघडेना. शर्वाणी कानापर्यंत लाल झाली.

ती उठली. बाहेर पायरीवर बसलेल्या गिरजाबाईंना हाताला धरून आत आणलं आणि अर्ज सावकाश वाचायला लागली. 'मुलास घराबाहेर काढावे' इथे म्हातारी दचकलीच. लेकाला बाहेर काढा, असं मी कधी म्हटलं बाई, म्हणाली. त्याने दोन वेळा जेवू घालावं, एवढंच तिचं मागणं होतं.

शर्वाणीला रडू आलं. अर्ज तिने स्वतःच फाडला.

"सर, आता तरी सांगा... पत्रात काय होतं?"

साहेबांनी मोडीतला कागद उचलला, त्याचेही दोन तुकडे केले आणि नवा कागद पुढे घेतला.

"ते मघाच्या मुलीचं होतं, बेटा. तू बस. तुला काय हवंय, ते सांग."